कुरव बघायला शिवडीच कशाला?

किनाऱ्यावरचे पक्षी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना मुंबई आठवते. शिवडीचे फ्लेमिंगो, कोकणातले सीगल आणि त्यांचे रील्स. पोहरादेवीत राहून हा नाद कोण करणार? समुद्र कुठाय इथे?

समुद्र नाही, पण चिखल आहे ना! या पक्ष्यांचं पोट त्यावरच चालतं. दिग्रसकडचं अरुणावती, कारंजाकडचं अडाण, वाशिमजवळचं एकबुर्जी. दिवाळीनंतर धरणांचं पाणी उतरू लागतं आणि ओला काठ उघडा पडतो. त्यात अळ्या, किडे भरपूर. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर पाण्यात उभा राहून खातो, तुतवार काठाकाठाने टिपतो, चिखल्या जरा कोरड्यात पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. छोटा टिलवा तर चिमणीएवढा, वजन 20-30 ग्रॅम. अंडी घालतो पार आर्क्टिकच्या टुंड्रात आणि हिवाळ्याला येतो भारतात! मोठ्या जलाशयांवर कधी कधी कुरवही उतरतात. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त एक डाग. नाव ठेवणाऱ्याने त्याला उन्हाळ्यात पाहिलं असावं.

2022 मध्ये टॅग लावलेला एक गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत 11 दिवस न थांबता 13,560 किलोमीटर उडाला. सगळ्यांना असं जमत नाही. बाकीच्यांना वाटेत थांबे लागतात, आणि आपले तलाव हे असेच थांबे आहेत.

म्हणूनच ‘तलाव सुशोभीकरण’ हा शब्द ऐकला की मला धडकी भरते. चारी बाजूंनी दगडी पिचिंग, पेव्हर ब्लॉक, लाईट, सेल्फी पॉइंट. उथळ काठच संपला तर टिलव्याने उभं कुठे राहायचं? धरणाच्या भिंतीला पिचिंग लागतंच, त्यावर वाद नाही. लोकांना फिरायला ट्रॅकही हवा. तो एका बाजूला करा की! रामनवमीची यात्रा आहेच, ऑक्टोबर 2024 मध्ये बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झालं. पर्यटक वाढतील, तसे आसपासच्या तलावांचे प्लॅनही निघतील. प्रत्येक प्लॅनमध्ये एक काठ कच्चा ठेवा, एवढीच मागणी. त्याला रुपयाही लागत नाही.

पण ‘इथे पक्षी येतात’ हे नुसतं बोलून ऑफिसात कोण ऐकणार? तारखेसकट नोंद लागते. ईबर्ड ॲप फुकट आहे, पंधरा मिनिटांची यादीही चालते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. एनएसएसच्या कॅम्पमध्ये एक सकाळ यासाठी काढता येईल. दुर्बीण नसली तरी शेकाट्या नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतो. फोटोसाठी थव्यामागे मात्र धावू नका, प्रवासासाठी साठवलेली चरबी अशीच वाया जाते.

डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, सूर्य पाठीशी ठेवून जा. आणि चपला नकोत, गाळात रुततात.