नाणे पेटीत, गोष्ट कुठे?

या सत्रात शाळेत एक नवा छंद आला आहे. कुणाच्या तरी दप्तरातून रंगीत चित्राचे नाणे निघते आणि मधल्या सुट्टीत त्याभोवती घोळका जमतो. पहिला प्रश्न ठरलेला : "केवढ्याला आणलं?" चित्रातली गोष्ट कोणती, हे कुणी विचारत नाही. काही मुले घोळक्याच्या बाहेरच उभी राहतात. त्यांच्या घरी असे नाणे येणे शक्य नाही, हे त्यांना ठाऊक असते.

छंद वाईट आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सुरतेचे आणि नाण्यांचे नाते जुनेच आहे. मोगल काळात इथे टांकसाळ होती. तिच्या रुपयावर फारसी अक्षरे असत. आता नाण्यांवर मुलांच्या गोष्टी आल्या आहेत. लेखिका बीट्रिक्स पॉटर यांच्या जन्माला १५० वर्षे झाली म्हणून इंग्लंडच्या रॉयल मिंटने २०१६ साली त्यांचा पीटर ससा ५० पेन्सच्या नाण्यावर आणला, आणि संग्राहकांसाठी चांदीची रंगीत नाणीही काढली. आपल्याकडे सरकारी टांकसाळी चालवणाऱ्या महामंडळाच्या स्थापनादिनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांच्या हस्ते पंचतंत्रावरचे रंगीत स्मरणनाणे प्रकाशित झाले.

असे स्मरणनाणे देऊन दुकानात वही मिळत नाही. मग मुलांच्या दृष्टीने त्याचे मोल कशात? आमच्या मते, त्यावरच्या गोष्टीत.

पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात हिरण्यक नावाचा उंदीर आहे. संन्याशाने उंच टांगलेल्या भिक्षापात्रापर्यंत तो सहज उडी मारी. हे बळ त्याच्या बिळातल्या पुरलेल्या धनाचे आहे, हे एका पाहुण्याने ओळखले. धन खणून नेले आणि हिरण्यकाची उडी संपली. पुढे मात्र त्याला कावळा, कासव आणि हरीण असे मित्र मिळाले. हरीण जाळ्यात सापडले तेव्हा हिरण्यकानेच दातांनी पाश तोडले. त्यासाठी त्याला धन लागले नाही.

बालमित्रांनो, ही गोष्ट तुमच्यापैकी किती जणांना माहीत होती? बाहेर गुजराती, पुस्तकात इंग्रजी, आणि मराठी फक्त स्वयंपाकघरापुरती, असे आपल्या बऱ्याच घरांत झाले आहे. आजीची गोष्ट त्यातच मागे पडली.

यंदाच्या बक्षिसांत चांदीची नाणी द्यावीत, अशी एक सूचना आली आहे. विश्वस्तांना आमची विनंती आहे, की त्याच पैशांतून आधी प्रत्येक वर्गाला मराठी पंचतंत्राच्या प्रती द्याव्यात. पालकहो, नाणे जरूर घ्या, पण त्या रात्री गोष्टही सांगा. आणि ज्याच्याकडे नाणे आहे, त्याने शनिवारी प्रार्थनेनंतर त्यावरची गोष्ट सर्वांना मराठीत सांगावी. ज्याच्याकडे नाणे नाही, त्यानेही सांगावी. गोष्टीला पैसे पडत नाहीत.