संशय, पुरावा आणि शिक्षा

एखाद्या गुन्ह्याची बातमी वर्तमानपत्रात आली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत तिचा खटला उभा राहतो. बदलापुरास आरोप ठेवला जातो, अंबरनाथ येईतो साक्षीपुरावा संपतो आणि उल्हासनगर मागे पडण्यापूर्वी शिक्षा ठोठावून मंडळी दुसऱ्या विषयाकडे वळलेली असतात. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थीही या न्यायसभेत हौसेने भाग घेतात. त्यांच्या विचारार्थ याच लोहमार्गावरील एका जुन्या प्रकरणाची हकीकत आम्ही येथे देत आहो.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याहून मुंबईस निघालेल्या पॅसेंजर गाडीत लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या एक सधन विधवा बसल्या. त्यांच्या सोबत त्यांच्यावर उपचार करणारे व त्यांच्या विश्वासातील डॉक्टर अनंत चिंतामण लागू हे होते. मुंबईतील एका तज्ज्ञास प्रकृती दाखवावी, असा प्रवासाचा हेतू सांगण्यात आला होता. घाट उतरून आमच्या गावांवरून ती गाडी पहाटे पाचच्या सुमारास बोरीबंदरास पोहोचली, तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांस गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले आणि तेथे ‘इंदुमती पौंशे’ असे नाव नोंदविले. त्याच दिवशी साडेअकराच्या सुमारास बाईंचे प्राणोत्क्रमण झाले. प्रेत नेण्यास कोणीही आले नाही. पुढे काही दिवसांनी शवविच्छेदन झाले, परंतु रासायनिक तपासणीत विषाचा लवलेशही आढळला नाही.

इकडे पुण्यात आप्तेष्टांस बाईंच्या नावाने पत्रे येऊ लागली. आपण जोशी नामक गृहस्थाशी पुनर्विवाह केला असून आता जयपूरच्या बाजूस राहतो, अशा अर्थाचा मजकूर त्यांत असे. ती पत्रे बनावट होती. दरम्यान बाईंचा पैसाअडका व शेअर डॉक्टरांच्या हाती जात होते. अखेर १९५८ मध्ये त्यांच्यावर खुनाचा खटला झाला. सत्र न्यायालयाने देहदंड दिला व उच्च न्यायालयाने तो कायम केला.

आता या प्रकरणाच्या दोन उपपत्ती संभवतात. पहिली अशी की, संपत्तीच्या लोभाने डॉक्टरांनी प्रवासात बाईंस, पुढे शोध लागू नये असे, एखादे विष दिले. दुसरी अशी की, मधुमेहाने आजारी असलेल्या बाईंस त्या विकारामुळेच मूर्च्छा येऊन मरण आले आणि त्यानंतर डॉक्टरांस मोह पडला. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारा मनुष्य नीच खरा, पण तेवढ्याने तो खुनी ठरत नाही. गाडीत काय घडले हे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार न्यायालयापुढे नव्हता. विष सापडले नव्हते. रुग्णालयात लघवीच्या तपासणीत साखर व अॅसिटोन आढळले होते आणि त्यावरून तेथे मधुमेहजन्य मूर्च्छेचेच उपचार झाले होते. तेव्हा दुसरी उपपत्ती केवळ वकिली कसरत म्हणून झटकून टाकण्याजोगी नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९५९ रोजी निर्णय दिला, पण तो एकमुखी नव्हता. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी कपूर यांच्यासह असे ठरविले की, विष सापडलेच पाहिजे असा अट्टाहास धरल्यास विषशास्त्र जाणणारा कोणताही मारेकरी निर्धास्त होईल. बाईंच्या ठायी दिसलेली लक्षणे मधुमेहजन्य मूर्च्छेशी जुळत नाहीत आणि सर्व परिस्थितीची साखळी आरोपीच्या दोषाकडेच नेते, असा त्यांचा निष्कर्ष होता. न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र विरुद्ध मत नोंदविले. मृत्यू अनैसर्गिक होता हेच मुळी सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. दोहोंविरुद्ध एक अशा मताने देहदंड कायम झाला.

आमचे मत विचाराल तर दोषाच्या प्रश्नावर आम्ही बहुमताच्या बाजूस झुकतो, परंतु त्याचे कारण बनावट पत्रे नव्हेत. ती पत्रे मृत्यूनंतरची आहेत आणि मागाहून सुचलेल्या लबाडीशी ती सर्वथा जुळतात. आम्हांस बोचते ते रुग्णालयातील नाव. ते नोंदविले गेले तेव्हा बाई जिवंत होत्या. वैद्यकीय मदतीची निकड असताना, मोह पडण्याचा प्रसंगच आलेला नसताना, रोग्याचे परिचित नाव झाकण्याची गरज निर्दोष मनुष्यास का भासावी? विधवा स्त्रीसह प्रवास केल्याचा बोभाटा होऊ नये म्हणून, असे एक उत्तर कोणी देईल. ते अशक्य नाही. पण पुढे प्रेतही बेवारस पडू दिले, हे पाहता ते उत्तर तोकडे पडते.

तथापि दोषी म्हणणे निराळे आणि फासावर देणे निराळे. एकच कागदपत्र वाचून देशातील तीन श्रेष्ठ न्यायाधीशांपैकी एकास जेथे खून झालाच असे वाटत नाही, तेथे परत न घेता येणारी शिक्षा देऊ नये, असे आमचे नम्र मत आहे. आजन्म कारावासात चुकीच्या दुरुस्तीस थोडी तरी वाट राहते.

पुण्यातीलच एका विषमृत्यूच्या प्रकरणात, शरद बिरधीचंद सारडा यांच्या खटल्यात, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे सांगितली. त्यांचे सार इतकेच की, प्रत्येक दुवा पूर्णपणे सिद्ध झाला पाहिजे आणि सगळे दुवे मिळून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा कोणताही अर्थ उरता कामा नये. संशय कितीही दाट झाला तरी तो पुराव्याच्या जागी बसू शकत नाही. त्या खटल्यात आत्महत्येचा संभव उरत होता, म्हणून खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी ठरविलेला मनुष्य सुटला.

या जुन्या गोष्टी आज सांगण्याचे कारण आमच्या दाराशीच घडले आहे. २० ऑगस्ट १९५६ वा १९८४ ची नव्हे, तर २०२४ ची. त्या दिवशी बदलापूर स्थानकात सहस्रावधी लोक रुळांवर उतरले आणि गाड्या दिवसभर खोळंबल्या. दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराची वार्ता ऐकून ज्याचे रक्त तापले नाही, त्यास आम्ही मनुष्य म्हणणार नाही. प्रथम दाद लागण्यास विलंब झाला, हा लोकांचा रोषही निष्कारण नव्हता. परंतु त्या गर्दीतून तत्काळ फाशीची मागणी उठली, आणि २३ सप्टेंबर रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, आरोपी पोलिसांच्या ताब्यात असता गोळी लागून मेला. त्याच्या मृत्यूविषयीही पुढे न्यायालयात वाद उपस्थित झाला. तो मनुष्य निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही; तसे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र त्याचा दोष साक्षीपुराव्यानिशी शाबीत करून घेण्याचा त्या बालिकांच्या मातापित्यांचा हक्क त्या गोळीने हिरावून घेतला, असे आम्हांस वाटते. लागूंच्या प्रकरणात निदान सरकार यांचे विरुद्ध मत तरी कागदावर राहिले आणि आज आपण ते तोलून पाहू शकतो. येथे तोलण्यास काहीच उरले नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात निकदेमाची गोष्ट आहे. सारी सभा येशूस दोषी ठरविण्यास उतावीळ असता, आधी त्याचे म्हणणे ऐकावे, एवढेच त्याने सुचविले. आणि सहकाऱ्यांनी त्याची हेटाळणी केली. आमच्या विद्यार्थ्यांनी उद्या गाडीत अशी चर्चा ऐकली, तर निकदेमाची जागा घ्यावी. जे सिद्ध झाले ते कोणते व जे नुसते कानावर आले ते कोणते, एवढे तरी विचारावे. लोक हसतील, ‘आरोपीचा कैवारी’ असेही म्हणतील, ते सोसावे. सुक्याबरोबर ओलेही जळते, आणि तसे ओले जळाल्यावर खरा गुन्हेगार मोकळाच राहतो, हे विसरू नये.