पक्ष कुणाचा?

दिवाळीतली एक गंमत पंचांग उघडल्याशिवाय ध्यानात येत नाही. लक्ष्मीपूजन होते ते कृष्णपक्षात आणि पाडवा उजाडतो तो शुक्लपक्षात. सणाच्या ऐन मध्यावर पक्ष बदलतो, पण कुणी हूं की चूं करीत नाही! मराठी शिकवणाऱ्याला शब्दांशी खेळण्याची खोड असतेच. यंदा मात्र ‘पक्ष’ हा शब्द डोक्यात घोळू लागला तो पुतण्यामुळे.

हा पुतण्या न्यू जर्सीत असतो. नुकताच तिथला नागरिक झाला. मतदार म्हणून नाव नोंदवायचा अर्ज भरायला बसला, तर त्यात एक रकाना निघाला : आपला पक्ष कोणता? “काका, सरकारी अर्जात असं विचारतात हो!” त्याला वाटले, गुप्त मतदानाचा बोऱ्याच वाजला. मग उलगडा झाला. तिथे नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी एक प्राथमिक निवडणूक होते. पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या पक्षात नाव घातलेले साधे मतदार मत देऊन ठरवतात. राज्याराज्यांत नियम निराळे आहेत, पण मूळ तत्त्व हेच. आपण मात्र उमेदवारीला ‘तिकीट’ म्हणतो. आणि तिकीट एसटीचे असो वा निवडणुकीचे, ते फाडून देणारा दुसराच कुणीतरी असतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेत पक्षांचे नावही नाही. वॉशिंग्टनने तर १७९६ साली निरोप घेताना पक्षबाजीपासून सावध राहा म्हणून बजावले होते. तोवर तिथे दोन तट पडूनही गेले होते, ही गोष्ट वेगळी. आपल्या घटनेतही मुळात पक्ष नव्हते. ते आले १९८५ साली, पक्षांतरबंदीच्या पाठीवर बसून. तेव्हापासून आमदार-खासदाराने पक्षाचा आदेश मोडला तर त्याची जागा जाऊ शकते. तिकडे जॉन मॅक्केन या सिनेटरने जुलै २०१७ मध्ये स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत देऊन त्याचे आरोग्यविमा विधेयक पाडले. पक्ष चरफडला, पण त्याच्या खुर्चीला धक्का लागला नाही. पुढल्या वर्षी तो वारला तो सिनेटर म्हणूनच.

आता आमच्या सोलापूर जिल्ह्याकडे वळतो. सांगोला ही माझी सासुरवाडी. डाळिंबांचा आणि दुष्काळाचा तालुका. इथून गणपतराव देशमुख १९६२ पासून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले, आणि प्रत्येक वेळी शेतकरी कामगार पक्षाचेच. त्या पक्षाचे मोठमोठे पुढारी काँग्रेसमध्ये गेले. आबासाहेब होते तिथेच राहिले. दोनदा पडले, १९७२ आणि १९९५ साली. तरी हलले नाहीत. हा बंदीच्या कायद्याचा प्रताप नव्हे. कायदा आला तेव्हा त्यांची आमदारकी जुनी झाली होती.

त्यांना १९९५ साली अवघ्या १९२ मतांनी पाडणारे शहाजीबापू पाटील तेव्हा काँग्रेसचे होते. २०१९ मध्ये वयोमानामुळे आबासाहेब थांबले, तेव्हा त्यांच्या नातवाला ७६८ मतांनी हरवून हेच बापू शिवसेनेचे आमदार झाले. जून २०२२ मध्ये सेना फुटली आणि बापूंनी गुवाहाटीहून फोनवर सांगितलेली झाडी, डोंगार अन् हाटेल सबंध महाराष्ट्राच्या तोंडी बसली. आम्हीही हसलो. फक्त सासऱ्यांचे एक शेजारी हसले नाहीत. २०१९ मध्ये त्यांनी धनुष्यबाणाला मत दिले होते. ते म्हणाले, “माझं मत आसामात फिरून आलं, मला मेल्याला कुणी विचारलं बी न्हाई.”

मला वाटते, एवढ्या खटल्यांत याच माणसाची बाजू कुणी मांडली नाही. सेना कुणाची, यावर निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाल दिला, तो मुख्यतः आमदार-खासदारांची संख्या मोजून. त्यांना मिळालेली मतेही आयोगाने मोजली, पण ती त्या आमदार-खासदारांच्याच खात्यावर; मत देणाऱ्याला कुणी विचारले नाही.

२०२४ मध्ये सांगोल्यात धनुष्यबाण आणि मशाल समोरासमोर उभे राहिले आणि शेकापचा लाल बावटा निवडून आला. उमेदवार आबासाहेबांचा दुसरा नातू. सासरे खुशीत होते. मी जरा खोडी काढली, “मामा, उमेदवार पुन्हा त्याच घरातला. तुम्हांला कुणी विचारलं होतं का?”

मामा आजन्म लाल बावट्याचे. त्यांनी सुपारी कातरता कातरता अडकित्ता थांबवला. “त्यात इचारायचं काय, पाव्हणं? आमच्या मनातलाच हाय की त्यो.”

म्हणून मी त्यांना पुतण्याच्या अर्जाची हकीकत सांगितली. कुणीही मतदार पक्षात नाव घालतो, वर्गणी नाही, पावती नाही, आणि उमेदवार निवडतो. हे त्यांना फार नवलाचे वाटले. दोनदा सांगायला लावले.

“मग तुमच्या पुतण्यानं काय लिवलं त्या रकान्यात?”

“काही नाही. कोराच ठेवलाय.”

“मंजी त्याचाबी उमेदवार दुसरंच कोनतरी ठरवनार म्हना की!” मामा म्हणाले, आणि अडकित्ता पुन्हा चालू झाला.