गळा आणि गज

"मुलीचं गाणं चालू आहे, आता व्हायोलिनही शिकायचं म्हणते. दोन्हीकडे धावली तर धड एकही यायचं नाही, हो ना?" साकोलीत शाळेत येणाऱ्या आया असं विचारतात, तेव्हा मी त्यांना गजाननबुवा जोशींबद्दल सांगते.

बुवांचा जन्म १९११ चा. वडील अंतूबुवा औंध संस्थानचे गवई, म्हणून ग्वाल्हेरची गायकी घरातच मिळाली. तबल्याचीही उत्तम जाण. आणि व्हायोलिन तर असं, की ऐकणाऱ्याला ख्यालच ऐकतोय असं वाटावं. हे परदेशातून आलेलं वाद्य. आपल्याकडे त्यावर स्वतंत्र मैफल करणाऱ्या सुरुवातीच्या पिढीतले बुवा. कसं जमलं? मैत्रिणींनो, व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. बोट कुठं ठेवायचं ते कान सांगतो, आणि कान तयार होतो गाण्यानं. म्हणजे गाण्यातला वेळ वाया जात नाही, बरं का!

मला मात्र बुवांचं खरं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. घरची तालीम झालेली, स्वतःच्या मैफली होताहेत, तरी हा माणूस रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकला, जयपूर घराण्याच्या भूर्जीखाँसाहेबांकडे शिकला, आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँसाहेबांकडेही शिकला. पुन्हा पुन्हा शिष्य होऊन बसायचं! आपण नुसतं शिवणाच्या क्लासला निघालो तरी घरात 'आता या वयात?' होतं. आणि खरं सांगू, पुष्कळदा ते आपणच म्हणतो.

आकाशवाणीवर नोकरी, १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, हे सगळं झालंच. पण १९८७ मध्ये बुवा गेले ते मागं केवढे शिष्य ठेवून! मुलगा मधुकर यांनी व्हायोलिन घेतलं. वीणा सहस्रबुद्धे, पद्मा तळवलकर त्यांच्याकडे गाणं शिकल्या. आपल्या विदर्भातले उल्हास कशाळकर नागपूरला शिकून मग बुवांकडे गेले. ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा, तिन्ही त्यांच्या गळ्यात आहेत, आणि एकाची दुसऱ्यात खिचडी होत नाही.

तेव्हा पाठवा मुलीला. फक्त दोन्ही एकदम सुरू करू नका, आधी गळ्यात सूर बसू दे. वाद्य तिच्या हाताच्या मापाचं घ्या. लहान मुलांसाठी अर्ध्या आणि पाऊण मापाची मिळतात. पुढं उपयोगी पडेल म्हणून मोठं घेऊ नका, तो काही फ्रॉक नव्हे! मांडी घालून, वाद्याचं टोक पायाच्या घोट्याजवळ टेकवून बसायचं असतं, सुरुवातीला पाय भरून येतात. रियाझ झाला की गज सैल करायचा आणि तारांखाली साचलेली राळेची पूड कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची. मे महिन्यात पेटी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हानं सरस सुटतो आणि जोड उकलतात.