बाबू गेनूची गोधडी

बाबू गेनू म्हटलं की पुणेकराला काय आठवतं? मंडईजवळचं पार्किंग, नाहीतर गणपती. असो.

2014 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेतल्या क्विल्ट कलाकारांनी नेल्सन मंडेलांना आदरांजली म्हणून चक्क गोधड्या शिवल्या. मंडेलांचा अख्खा लढा, कापडाच्या तुकड्यांत! आपल्याकडे अशा गोधडीवर पहिला हक्क माझ्या मते बाबू गेनूचा. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा पोरगा मुंबईत गिरणी कामगार होता. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर तो आडवा झाला. ट्रक थांबला नाही. वय जेमतेम 22, म्हणजे आपल्या ऑफिसातल्या ट्रेनीचं.

वीकेंडला भीमाशंकरला जाताना डिंभे धरण लागतं ना, त्या जलाशयालाही त्याचंच नाव आहे. पाणी झालं, पार्किंग झालं. पण जीव गेला तो कापडापायी, त्याची आठवण कापडात नको?

जुन्नर-आंबेगावकडच्या आज्या जुन्या लुगड्यांवर सरळ धावदोरा घालत गोधडी शिवतात, डिझायनर लागत नाही. बाबूच्या गोधडीत खादी तर हवीच, पण गिरणीचं कापडही हवं. त्याचं पोट त्यावरच होतं. ट्रकचं चित्र मात्र नको. तिथे नुसता काळा तुकडा पुरे.

आणि हो, शिवणाऱ्या आज्यांची नावं कोपऱ्यात टाकायची. मजुरी ठरवताना घासाघीस करायची नाही. मॉलमध्ये करतो का आपण?