यंत्र आले, नजर कोणाची?

साथींनो, फिल्मचा जमाना होता तेव्हा मोठ्या फोटो लॅबमध्ये, बंगळूर असो वा मुंबई, छपाईयंत्रातली फिल्म थांबे ती कडेला पाडलेल्या खाचेवर. फ्रेम 36 मिलिमीटर लांब. खाच सरकली की एका फोटोत दोन अर्धी चित्रे! पुढे खाच पाडणारेही यंत्र आले. ते फ्रेमची कड शोधी. पण अंधारात काढलेल्या फोटोची निगेटिव्ह जवळजवळ कोरी, कड दिसणार कुठून? तेथे कामगाराचीच नजर लागे. यंत्राला पिनकोड वाचता आला नाही की पत्ता आमचा सॉर्टरच वाचतो, तसेच हे. यंत्राला आमचा विरोध नाही. मात्र यंत्राच्या नावाने जागा रद्द करायच्या आणि चूक झाली की उरलेल्याला चार्जशीट द्यायची, हे आम्हाला मान्य नाही. आधी प्रशिक्षण, मग यंत्र!