गुणवत्तेच्या दारावरील जकातनाका

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळविणे हा केवळ गुणवत्तेचा प्रश्न आहे, असे सुखवस्तू वर्ग मोठ्या विश्वासाने सांगत असतो. ज्याच्यापाशी बुद्धी आहे त्याने अर्ज करावा. यात अन्याय तो कोणता? वस्तुतः त्या दाराशी बुद्धीच्या आधी खिसा तपासला जातो.

इंग्रजीच्या परीक्षेचे शुल्क, प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे अर्जशुल्क आणि शेवटी व्हिसाचे शुल्क, अशी ही वाट आहे. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी-व्हिसाचे शुल्क जुलै २०२४ मध्ये तेथील ७१० डॉलरवरून १,६०० वर आणि जुलै २०२५ मध्ये २,००० डॉलरवर नेले. अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. कॅनडाने निर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम जानेवारी २०२४ पासून दुपटीहून अधिक केली. ब्रिटनमध्ये शिष्यवृत्ती वा कर्ज नसलेल्या अर्जदाराला निर्वाहाचा पैसा सलग २८ दिवस बँकेत शिल्लक दाखवावा लागतो. ज्या घरात मजुरी हातात पडण्याआधीच उधारीत जाते, तेथे लाखो रुपये महिनाभर स्वस्थ पडून कसे राहावेत?

यात आश्चर्य नाही. १९८० पासून थॅचर सरकारने परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करण्याचे धोरण आणले, आणि विद्यार्थी हा विद्यापीठाच्या उत्पन्नाची बाब बनला. बाजार आपल्या धर्माने वागतो. खरा जाब विचारावयाचा तो आपल्या सरकारला.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले. एका संस्थानिकाला जे उमजले, ते प्रजासत्ताकाला उमजू नये? अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. पण एवढ्या विशाल देशाला तिच्या जागा अवघ्या १२५! शिवाय अलीकडच्या नियमावलीनुसार जगातील पहिल्या ५०० संस्थांपैकी एकीत विनाअट प्रवेश हाती असल्याखेरीज निवडच होत नाही. म्हणजे अर्जाचा खर्च आधी गरिबाने करावयाचा आणि सरकारने मागाहून विचार करावयाचा. त्यातच अनेक विद्यापीठे अनामत भरल्याविना प्रवेश पक्का करीत नाहीत. पैशासाठी प्रवेश हवा आणि प्रवेशासाठी पैसा, असा हा पेच आहे.

यावर कळस म्हणजे २०२२ ची नियमावली. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज या विषयांचा परदेशी अभ्यास तिने शिष्यवृत्तीबाहेर काढला. त्यासाठी देशातच साधने आहेत, असे कारण सांगितले गेले. १९१६ साली कोलंबियात डॉ. आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. हा नियम तेव्हा असता तर त्या विषयाला शिष्यवृत्ती नाकारली गेली असती. शोषितांनी तंत्र शिकावे, पण स्वतःच्या शोषणाची मीमांसा करू नये, हाच या नियमाचा अर्थ होतो.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. परीक्षा आणि अर्ज यांचा खर्च शासनाने आगाऊ द्यावा. सशर्त प्रवेशावरही निवड करून अनामत भरावी. जागा वाढवाव्यात आणि विषयबंदी रद्द करावी. हे दान नव्हे. ज्यांच्या श्रमावर या देशाची संपत्ती उभी राहिली, त्यांचे ते थकलेले देणे आहे.